कुणाचं गुल?

गालिच्यांच्या दुकानात गेलं की एक हमखास अनुभव येतो. तुम्हाला घ्यायचा असो वा नसो, दुकानदार एकामागून एक गालिचे फटाफट उलगडून टाकतो आणि तोंडानं नक्षीचे अर्थ सांगत जातो. हे झाड म्हणजे आयुष्य, हा हत्तीचा पाय म्हणजे ताकद, ही कोयरी म्हणजे पारश्यांच्या अग्नीची ज्योत. आपण मान डोलावतो. मग शेजारच्या दुकानात जावं तर तीच कोयरी वाऱ्यानं वाकलेलं सुरूचं झाड झालेली असते!

कोयरीचंच बघा ना. फारसीत या नक्षीला 'बोतेह' म्हणतात, म्हणजे झुडूप. काश्मिरी शाली युरोपात गेल्या, एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेझली गावात त्यांच्या नकला यंत्रावर विणल्या जाऊ लागल्या आणि जगभर या नक्षीला त्या गावाचंच नाव पडलं. आपल्याला ती कैरीसारखी दिसली म्हणून ती कोयरी झाली, आणि हळदीकुंकवाच्या त्या आकाराच्या करंड्यालाही तेच नाव मिळालं. झुडूप, ज्योत, सुरू, कैरी... यातलं खरं कोणतं? अभ्यासकांचं आजही एकमत नाही. जो तो आपल्या अंगणातलं झाड त्यात बघतो, इतकंच म्हणता येईल.

पण आज कोयरीबद्दल लिहायचं नाहीये. गेले बरेच दिवस डोक्यात घोळतेय ती दुसरीच एक नक्षी, आणि ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली असणार. गडद लाल जमीन, त्यावर ओळीनं मांडलेले अष्टकोन, प्रत्येकाचे चार भाग, समोरासमोरच्या भागांना एकच रंग. आखातातून सुट्टीवर आलेल्या काका-मामांच्या सामानात जे यंत्रावरचे गालिचे गुंडाळून यायचे, त्यात ही नक्षी हटकून असायची. हिला बाजारात म्हणतात 'बोखारा'. आणि त्या अष्टकोनाला म्हणतात 'गुल'.

गुल म्हणजे फूल, हे आपल्याला सांगायला नको. गुलाब, गुलकंद, गुलबक्षी, गुलमोहर ही सगळी त्याच फारसी शब्दाची लेकरं. पण हे अष्टकोनी गुल फुलासारखं फारसं दिसत नाही. ते विणणाऱ्या बायका फारसी बोलणाऱ्या नव्हत्याच. त्या होत्या तुर्कमेन. कॅस्पियन समुद्रापासून अमू दर्यापर्यंत पसरलेल्या काराकुम वाळवंटाच्या कडेकडेनं मेंढ्या, उंट आणि घोडे घेऊन राहणाऱ्या टोळ्यांच्या लेकीसुना. तेके, योमुत, सारिक, सालोर, एरसारी, चोवदुर अशी या टोळ्यांची नावं.

त्यांच्या घरात, म्हणजे लाकडी सांगाड्यावर नमदा चढवलेल्या गोल तंबूत, लाकडाची कपाटं नव्हती. कपडे ठेवायला विणलेल्या मोठ्या पिशव्या असत, त्यांना 'चुवाल' म्हणत. लहान पिशवी म्हणजे 'तोरबा'. दाराला लावायचा गालिचा म्हणजे 'एन्सी'. लग्नाच्या वरातीत नवरीच्या उंटाच्या दोन्ही कुशींवर पाच कोनांची विणलेली झूल घालत, तिला 'अस्मालिक' म्हणत. थोडक्यात काय, आपण ज्याला गालिचा म्हणून जमिनीवर अंथरतो तो त्यांचा संसारच होता. भिंत, दार, कपाट, सगळं लोकरीचं. मुलगी लहानपणी आईशेजारी बसून शिकायची आणि स्वतःच्या लग्नासाठी स्वतःच विणायची.

नक्षीचा कागद समोर ठेवलेला नसे. सगळं पाठ. 'दोन लाल, तीन निळ्या, एक पांढरी' असं मनातल्या मनात मोजत गाठी मारत जायचं. दोन बाय तीन मीटरचा एक गालिचा घ्या. म्हणजे साधारण ९,३०० चौरस इंच. चौरस इंचाला १५० गाठी धरल्या (चांगल्या तेके गालिच्यात याहूनही जास्त असतात) तर होतात जवळजवळ १४ लाख गाठी. एका दिवसात ८,००० गाठी मारल्या तरी पावणेसहा महिने, एकही दिवस खाडा न करता! आणि मध्येच तंबू हलवायची वेळ आली तर माग गुंडाळून उंटावर टाकायचा, पुढच्या मुक्कामाला खुंट्या ठोकून परत जमिनीवर ताणायचा. या आडव्या मागावर, मोजून घातलेल्या गाठींत नाजूक वळणाची वेल काढणं जिकिरीचं. पायऱ्यापायऱ्यांच्या कडा असलेला अष्टकोन मात्र चोख बसतो, आणि पाठही लवकर होतो. म्हणजे गुलाच्या आकारात थोडासा भाग निव्वळ हिशेबाचाही आहे.

पण मग त्याचा अर्थ? इथून गोष्ट रंगत जाते.

अकराव्या शतकात महमूद काश्गरी नावाच्या विद्वानानं बगदादमध्ये तुर्की भाषांचा एक मोठा कोश अरबीत लिहिला. त्यात त्यानं ओगुझ तुर्कांच्या २२ टोळ्यांची यादी दिली आणि प्रत्येक टोळीची खूणही काढून दाखवली. या खुणेला 'तमगा' म्हणत. गुराढोरांवर डाग देऊन ती उमटवत, म्हणजे कुणाचं जनावर ते कळावं. तुर्कमेन स्वतःला याच ओगुझांचे वंशज मानतात. सालोर हे नाव तर काश्गरीच्या यादीतही आहे.

हा धागा पकडून सोविएत काळातल्या वॅलेंतिना मोश्कोवा या संशोधक बाईंनी १९४६ साली एक लेख लिहिला. १९२९पासून त्या मध्य आशियात गावोगाव फिरून विणकरणींना भेटत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मुख्य गालिच्यावरचं गुल ही नुसती शोभा नाही, ती टोळीची निशाणी आहे. तेक्यांचं गुल वेगळं, योमुतांचं वेगळं, सालोरांचं वेगळं. ध्वज जसा, तसं गुल. आणि मग त्यांनी जे मांडलं ते वाचल्यापासून मनातून जात नाही. एखादी टोळी दुसरीकडून हरली, की तिला स्वतःचं गुल मोठ्या गालिच्यावर विणायचा हक्क राहत नसे, जेत्यांचं गुल विणावं लागे. हरलेल्यांचं गुल मग लहानसहान पिशव्यांवर उतरे, तिथं नुसती सजावट म्हणून उरे. आपल्या टोळीच्या गालिच्यावर आहे ते 'जिवंत' गुल, आणि पिशव्यांवर उतरलेलं ते 'मेलेलं' गुल. मोश्कोवाबाई १९५२मध्ये गेल्या. त्यांचा मोठा ग्रंथ १९७० साली ताश्कंदला छापला गेला, तो बघायला त्या नव्हत्या.

विचार करा मंडळी. युद्ध पुरुषांनी केलं, पुरुषांनी हरलं. आणि त्याची शिक्षा उतरली ती मागावर. आजीकडून आईला, आईकडून लेकीला आलेली मोजणी एके दिवशी बोटांना विसरायला लावायची!

मात्र इतिहासात अशी नीटनेटकी मांडणी आली की जरा सावध व्हावं. सालोरांचंच उदाहरण घेऊ. ही सगळ्यात जुनी आणि मानाची मानली गेलेली टोळी. तिच्या गुलाला भोवती बुरुजांसारखे दाते असतात, एकदा ओळखलं की विसरत नाही. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला इराणचा युवराज अब्बास मिर्झा यानं सरख्स इथं सालोरांचा पाडाव केला आणि तिथून ही टोळी पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. आता मोश्कोवाबाईंच्या नियमानं हरलेल्यांचं गुल मरायला हवं. झालं काय, तर सारिक आणि तेके बायकांनी ते उचललं! त्यांनी विणलेल्या चुवालांवर सालोरांचं गुल दिमाखात मिरवताना दिसतं. त्यांना ते कुणी सक्तीनं विणायला लावलं नव्हतं. सालोरांकडून तर त्या हरलेल्या नव्हत्याच.

मोश्कोवाबाई म्हणणार, बरोबर आहे, पिशवीवरच उतरलं ना? मेलंच ते. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ज्यांचं राज्य बुडालं त्यांचा रुबाब मात्र शेजारणींनी आपल्या संसारात जपून ठेवला, असंही म्हणता येतं. नंतरच्या काही अभ्यासकांनी तर टोळीच्या निशाणीची ही मांडणीच ताणलेली ठरवली. त्यांच्या मते यातली बरीच गुलं जुन्या दरबारी रेशमी कापडांवरच्या वर्तुळाकार नक्षीतून उतरत आलेली आहेत. पण कुणाच्याही बाजूनं गेलं तरी एक प्रश्न उरतोच. नक्षी जर अशी हिंडत असेल, तर हे सालोर, ते सारिक आणि ते तेके हे ठरवायचं कसं?

याचं उत्तर मला फार आवडलं. गालिचा उलटा करायचा!

गालिच्यात उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. दोन उभ्या धाग्यांना लोकरीच्या तुकड्याची गाठ मारायची आणि टोकं वर काढायची. ही गाठ मारायच्या मुख्य रीती दोन. एकीत लोकर दोन्ही धाग्यांना सारखाच वेढा घालते आणि दोन्ही टोकं मधून बाहेर येतात. दुसरीत एका धाग्याला पुरा वेढा बसतो आणि दुसऱ्याच्या नुसती मागून लोकर जाते. आता ही दुसरी गाठ डावीकडे उघडते की उजवीकडे, हे विणणारीच्या हाताच्या सवयीवर ठरतं. सालोर गालिच्यांत ती बहुतेक डावीकडे उघडणारी सापडते, तेके गालिच्यांत उजवीकडे. सारिकांकडे पहिल्या प्रकारची, दोन्हीकडून सारखी गाठ बरीच दिसते. म्हणून पुढून सालोरांचं गुल दिसत असलं तरी मागची गाठ सांगते की बाई सारिक होती. गेल्या पन्नासेक वर्षांत तुर्कमेन गालिच्यांचा जो बारकाईनं अभ्यास झाला, तो बराचसा असा पाठीमागून झाला आहे.

नक्षी डोळ्यांनी शिकता येते. एखादी सुंदर पिशवी बाजारात पाहिली, मैत्रिणीकडे पाहिली, की घरी येऊन उतरवून काढता येते. गाठ मात्र सात-आठ वर्षांच्या वयात आईच्या बोटांकडे बघत हातात बसते. ती बदलावी असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण ती कुणाला दिसतच नाही. जेत्याला गुल दिसतं, गिऱ्हाइकाला गुल दिसतं. गाठीवर हक्क सांगायला कुणी येत नाही.

आणि गुलावर हक्क सांगणारे पुढं बरेच आले. जानेवारी १८८१मध्ये जनरल स्कोबेलेवच्या रशियन फौजेनं तेक्यांचा ग्योक-तेपे हा मातीचा किल्ला सुरुंग लावून फोडला. आत फक्त लढवय्ये नव्हते, बायकामुलंही होती. किल्ला पडल्यावर वाळवंटात पळणाऱ्यांचाही पाठलाग झाला आणि हजारो माणसं मारली गेली. त्याच सुमारास सुरू झालेली कॅस्पियनपारची रेल्वे १८८८मध्ये समरकंदला पोचली. गाडीबरोबर व्यापारी आले आणि स्वस्तातले कृत्रिम रंगही आले. मंजिष्ठेच्या मुळांचा तो खोल लाल रंग मागे पडत गेला. ज्या चुवालांत घरचे कपडे राहायचे ते आता परक्यांच्या दिवाणखान्यासाठी विकले जाऊ लागले. या भागाचे गव्हर्नर राहिलेले जनरल बोगोल्युबोव यांनी जुने नमुने गोळा करून १९०८-०९मध्ये पीटर्सबर्गला त्यांची चित्रं असलेला मोठा ग्रंथ काढला. म्हणजे एका जनरलनं किल्ला फोडला आणि दुसऱ्यानं गालिचे जपले. साम्राज्यांचं असंच असतं.

नावं गेली ती याच काळात. तेके बाईनं विणलेला गालिचा बुखाऱ्याच्या बाजारात विकला गेला म्हणून तो 'बोखारा' झाला. हे नवीन नव्हतं. तुर्कस्तानातल्या गालिच्यांना युरोपात 'होल्बाइन' आणि 'लोट्टो' म्हणतात, कारण या चित्रकारांच्या चित्रांत ते अंथरलेले दिसतात. आकड्यांसारख्या कडा असलेल्या एका गुलाला तर सर्रास 'मेमलिंग गुल' म्हणतात. हान्स मेमलिंग हा पंधराव्या शतकातला, ब्रुज शहरात राहणारा चित्रकार. त्यानं ते फक्त चितारलं, तरी नाव त्याचं! आणि दुकानदाराचा तो हत्तीचा पाय? तो मुळात एरसारी गालिच्यावरचा मोठा अष्टकोन. अफगाण बाजारात त्याला 'फील-पा', म्हणजे हत्तीचा पाय म्हणू लागले आणि पुढं त्या नावावरून 'ताकद' हा अर्थ चिकटला. आधी नाव, मग अर्थ.

जुन्या गालिच्यांच्या मालकीवरून भांडणंही कमी नाहीत. १९४९मध्ये सेर्गेई रुदेन्को यांना अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या एका थडग्यात बर्फात गोठलेला गालिचा सापडला. साधारण २४०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे आज माहीत असलेल्या पूर्ण गालिच्यांत सर्वांत जुना. किनारीला हरणं आणि घोडेस्वार, मधोमध चौकटींत फुलं, आणि गाठ दोन्हीकडून सारखी. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे आणि तो आमचाच असं सांगणारे देश एकाहून अधिक आहेत.

या सगळ्यात आपलं काय, असं कुणी म्हणेल. पुण्याचा एक धागा यात आहे. इंग्रजांच्या काळात येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत, आणि त्यांना चांगलं नाव होतं. विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकलाही तिथं झाल्या. आदिलशाही वैभवाची नक्षी, गजांआडच्या माणसांच्या हातांनी. त्या फुलांचा 'अर्थ' विणणाऱ्याला विचारला असता तर त्यानं काय सांगितलं असतं? बहुधा शिक्षेचे उरलेले दिवस.

उलटंही घडतं. डिसेंबर १९७९मध्ये सोविएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि काही वर्षांतच तिथल्या बलुच आणि तुर्कमेन विणकरांच्या गालिच्यांवर रणगाडे, हेलिकॉप्टर आणि कलाश्निकोव दिसू लागले. कधी फुलांच्या जागी, कधी फुलांच्या मधोमध. पुढं परदेशी गिऱ्हाइकं ते आवडीनं घेऊ लागली हेही खरं. पण पहिल्यांदा जिनं डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर गाठीत मोजून बसवलं असेल, तिला दुकानदाराच्या कोशाची गरज नव्हती.

तुर्कमेनिस्तान १९९१मध्ये स्वतंत्र झाला आणि १९ फेब्रुवारी १९९२ला त्यानं आपला झेंडा ठरवला. हिरवी जमीन, चंद्रकोर, तारे आणि डाव्या बाजूला उभा लाल पट्टा. त्या पट्ट्यावर एकाखाली एक पाच गुलं आहेत. मोश्कोवाबाईंनी ज्याला ध्वजासारखी निशाणी म्हटलं होतं, ती खरोखरच ध्वजावर जाऊन बसली! तेके, योमुत, एरसारी, चोवदुर आणि सारिक या पाच टोळ्यांची ती गुलं. २०१९मध्ये युनेस्कोनं तुर्कमेन गालिचे विणण्याची कला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली.

पाच नावं परत वाचा. सालोर नाहीत. जे नाव काश्गरीनं अकराव्या शतकात लिहून ठेवलं, ज्यांचं गुल शेजारणींनी हौसेनं उचललं, ते झेंड्यावर नाहीत. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा सरख्सचा पराभव अजून मोजला जातोय. सालोर माणसं मात्र आहेत, आजही सरख्सच्या बाजूला राहतात.

मला वाटतं, नक्षीचा अर्थ काय हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्योत की झाड, फूल की हत्तीचा पाय, यात पिढ्यान् पिढ्या वाद घालता येतील. त्यापेक्षा ती कुणी विणली, कुणासाठी विणली आणि तिला ती विणायची मोकळीक होती का, हे विचारलं तर हाती जास्त लागतं. झेंड्यावर, लेबलावर, पुस्तकात नाव कुणाचं जायचं हे विणणारीच्या हातात कधीच नव्हतं. तिच्या हातात होती फक्त ती गाठ.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाकडे हाताने विणलेला जुना गालिचा दिसला, तर नक्षीचं कौतुक झाल्यावर यजमानांची परवानगी घेऊन त्याचा एक कोपरा उलटून जरूर बघा. मागून गाठींच्या रांगा स्पष्ट मोजता येतील.